पणजोबांच्या कागदातला 'धंदा' लागत नाही? शब्दाच्या आधी लिहिणारा कोण ते बघा

हा प्रॉब्लेम नेहमी एकाच रूपात येतो. कुणीतरी घरच्या ट्रंकेतून नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून जुना कागद मिळवतं, त्यात नाव लागतं, गाव लागतं, साल पण लागतं आणि 'धंदा' ह्या शब्दापुढे गाडी अडते. एक तर अक्षर लागत नाही, नाहीतर अक्षर लागतं पण जो शब्द निघतो तो घरात कुणाच्याच आठवणीत बसत नाही. मग त्या एका शब्दाचा फोटो काढून 'हे काय लिहिलंय सांगा' असं दहा जणांना विचारलं जातं आणि दहा उत्तरं येतात. मालवण-देवगड बाजूच्या लोकांचे असे कागद मी बरीच वर्षं वाचून देतोय, आणि हाच घोळ माझ्या स्वतःच्या घरात दोन वर्षं पुरला, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.

आधी आमच्या घरातलं सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यातूनच कळेल.

आम्ही गाबीत, समुद्रावरची माणसं. चुलतभावाला जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या मागचा पुरावा हवा होता. पणजोबांचा एक कागद मिळाला, त्यात नावापुढे सरळ 'भंडारी' लिहिलेलं. पुढे आजोबांचं नाव शाळेत घालताना कुणीतरी बहुतेक तोच कागद बघून जातीच्या रकान्यात 'भंडारी' टाकलं, आणि आजोबांच्या धाकट्या भावाच्या नोंदीत 'गाबीत'. एका बापाचे दोन मुलगे आणि दोन जाती. ज्या ऑफिसात फाईल गेली तिथल्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, काही न बोलता फाईल बाजूला सरकवली आणि ती दोन वर्षं तिथेच राहिली. आम्ही मोडीवाल्याकडे जाऊन आलो, अक्षर चुकलंय असं लिहून द्या म्हणून विनवलं, तो म्हणाला अक्षर शंभर टक्के 'भंडारी'च आहे, मी खोटं कसं लिहून देऊ. बरोबर होतं त्याचं.

उत्तर मिळालं वडिलांच्या आत्याकडून. ती तेव्हा नव्वदीच्या पुढे. पडवीत बसून ऐकत होती, म्हणाली, 'अरे तो बोटीर भंडारी होतो. खलाशांचा जेवान करी.' आणि माळ्यावर पत्र्याची नळी आहे ती काढा म्हणाली. हातभर लांब, गंजलेली, एका बाजूला झाकण. आत गुंडाळी करून ठेवलेली जहाजावरची सर्टिफिकेटं. जुने खलाशी बोटीवर नोकरी केल्याची सर्टिफिकेटं अशा नळीत घालून बरोबर न्यायचे, त्यामुळे त्या कागदांनाच 'नळी' हे नाव पडलं. वरच्या सर्टिफिकेटवर इंग्रजी अक्षरात हुद्द्याच्या जागी 'भंडारी' लिहिलेलं. इंग्रज कंपन्यांच्या बोटींवर हिंदुस्थानी खलाशांच्या स्वयंपाक्याला भंडारीच म्हणायचे, मग तो माणूस गाबीत असो, खारवी असो, दालदी असो.

म्हणजे अक्षर बरोबर, वाचन बरोबर, फक्त अर्थ चुकला. शब्द बोटीवरचा होता आणि आम्ही तो गावातला समजून वाचला. तेव्हापासून माझ्याकडे कागद आला की मी शब्दाकडे नंतर बघतो, आधी विचारतो की हे लिहिलं कुणी आणि कुठे बसून. तलाठ्याने, शाळेच्या मास्तरने, गिरणीच्या ऑफिसातल्या कारकुनाने, बोटीच्या कंपनीने, की पेशवाईतल्या फडावरच्या कारकुनाने? एकच शब्द ह्या प्रत्येकाच्या हातात वेगळा होतो.

बोटीवरचे शब्द

किनाऱ्यावरच्या घरांत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'तांडेल' घ्या. गावच्या मचव्यावर, गलबतावर तांडेल म्हणजे तोच मुख्य, सगळे खलाशी त्याच्या हाताखाली. पण मोठ्या आगबोटीवर डेकवरच्या खलाशांचा मुख्य 'सारंग', आणि तांडेल त्याच्या हाताखालचा. म्हणजे गावच्या कागदात आधी 'तांडेल' आणि दहा वर्षांनी बोटीच्या कागदात परत 'तांडेल' असेल तर माणूस जागच्या जागी होता असं समजू नका, तो एका जगातून दुसऱ्या जगात गेलेला असतो. 'नाखवा', म्हणजे होडीचा मालक, दिसला तर बहुतेक होडी घरची आहे, आणि त्या घराचे जमिनीचे, कर्जाचे कागद पण शोधण्यासारखे असतात.

'सुकाणी' म्हणजे सुकाणू धरणारा, हा चटकन कळतो. 'कसाब' मात्र लोकांना हमखास फसवतो. बोटीवरचा कसाब म्हणजे सामानाची कोठी आणि दिवे-कंदील सांभाळणारा, त्याचा खाटकाशी काही संबंध नाही. एका रत्नागिरीच्या बाईंनी वंशावळीत पणजोबांपुढे 'खाटीक' लिहून ठेवलं होतं, मी कागद मागितला तर त्याच ओळीत बोटीचं नाव आणि महिन्याचा पगार होता. 'टोपास' म्हणजे बोटीवरचा झाडूवाला. 'आगवाला' बॉयलरच्या भट्टीवर, 'कोळसेवाला' भट्टीपर्यंत कोळसा पोचवणारा, 'तेलवाला' इंजिनाला तेल घालणारा. ह्या तेलवाल्याला तेली करून टाकू नका. घरात घाणा कधीच नव्हता आणि कागदात 'तेलवाला' आलाय, तर आधी बोट शोधा.

आणि 'पडाववाला'. पडाव म्हणजे किनाऱ्यावरून आगबोटीपर्यंत माणसं नि माल नेणारी होडी. आगबोट धक्क्याला लागत नसे अशा बंदरात हा मोठा रोजगार होता. हा शब्द 'पाडाव' असा वाचून कैद-बिद काहीतरी अर्थ लावलेला मी बघितलाय. तसाच 'तारी', म्हणजे खाडीवर 'तर' (माणसं पलीकडे नेणारी होडी) चालवणारा. 'तारी' आणि 'ताडी' मध्ये शाई पसरली की गडबड होते, तेव्हा जवळ खाडी आहे का आणि ही 'तर' कुठे चालायची हे गावात विचारा, जुनी माणसं अजून जागा दाखवतात.

महिना बघितलात का?

हे सहसा कुणी बघत नाही आणि निम्मे वाद इथेच मिटतात. एका कागदात 'शेती', दुसऱ्यात 'खलाशी', मग लोक म्हणतात ही दोन वेगळी माणसं. अहो, आपल्याकडे पावसाळ्यात गलबतं वर ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमा झाल्यावरच दर्या उघडतो. तोच माणूस आषाढात भात लावतो आणि पौषात सुपारी-मिठाच्या गलबतावर मुंबईच्या वाटेवर असतो. कारकुनाने विचारलं तेव्हा जे चालू होतं ते त्याने सांगितलं. त्यामुळे नोंदीची तारीख धंद्याच्या शेजारी लिहून ठेवा. जुलैची 'शेती' आणि जानेवारीचा 'खलाशी' भांडत नाहीत, जुलैमध्येच 'खलाशी' लिहिलं असेल तर मात्र तो मोठ्या आगबोटीवर बारमाही असणार, आणि मग मुंबईचे कागद शोधायला लागतात.

तारीख लावताना सनाचा घोळ सांभाळा. इसवी सन काढायला शक असेल तर ७८ किंवा ७९ मिळवा, फसली असेल तर ५९० किंवा ५९१, सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००, वर्षाचा कुठला भाग आहे त्यावर. आपल्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे तेच नाव, तेच बापाचं नाव एक पिढी सोडून परत येतं. सनात पन्नास वर्षांची चूक झाली की आजोबांचा धंदा नातवाच्या गळ्यात पडतो.

मुंबईत लिहिलेला कागद

कोकणातलं घर म्हणजे अर्धं मुंबईत. जन्माची, मृत्यूची नोंद, चाळीची भाडेपावती, गिरणीचं तिकीट असं काहीतरी मुंबईचं निघतंच, आणि ते गावच्या डोळ्यांनी वाचलं की गेलं.

धंद्याच्या जागी 'बदली' असेल तर बदली झाली असा अर्थ नाही. गिरणीत कायमचा कामगार आला नाही की त्याच्या जागी रोजावर घ्यायचे तो बदली कामगार. वर्षानुवर्षं माणसं बदलीच राहायची. 'साचेवाला' म्हणजे मागावर काम करणारा, आणि 'साचा' शब्द बघून कुणी कुंभार किंवा ओतारी करू नये. 'जॉबर' कधी 'जाबर', कधी 'जाबर्‍या' असा पण लिहिलेला मिळतो, तो कामगार भरती करणारा आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारा, गावातली चार पोरं त्यानेच गिरणीला लावलेली असतात. गोदीच्या कागदातला 'टोळीवाला' म्हणजे हमालांची टोळी पुरवणारा मुकादम. एका पोराने हा शब्द वाचून पणजोबा दरोडेखोर होते असं घरात सांगितलं आणि म्हाताऱ्या आजीला ते फार लागलं.

'नाईकीण' बद्दल तर मला मनापासून सांगायचंय. गिरणीत बायकांच्या खात्यावर देखरेख करणारी बाई, म्हणजे बाई-जॉबर, तिला नाईकीण म्हणायचे. जबाबदारीची जागा होती ती, तिच्या शब्दावर बायकांना काम मिळायचं. पण आपल्या दक्षिण कोकणात नि गोव्यात 'नायकीण' म्हटलं की लोकांच्या मनात दुसराच, कलावंतिणीचा, अर्थ येतो, आणि मग घरातली माणसं तो कागदच लपवतात. असा एक कागद मी स्वतः हातात घेतलाय, पणजीच्या नावापुढचा शब्द ब्लेडने खरवडून काढलेला. शेजारच्या रकान्यात गिरणीचं खातं तसंच शिल्लक होतं, त्यावरून कळलं. ती बाई चाळीस बायकांवर नाईकीण होती आणि तिच्याच नातवंडांनी तिचं काम पुसून टाकलं.

देवळाच्या कागदातल्या 'भावीण', 'देवळी' ह्या शब्दांचं पण तसंच. देवाच्या दिवाबत्तीची, झाडलोटीची, चवरी धरायची सेवा त्या घरांकडे असायची. पुढे त्या बायकांचं किती शोषण झालं ते खरंच आहे, मुंबई सरकारने १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा केला तो उगाच नाही. पण म्हणून शब्द खोडायचा नाही. जे लिहिलंय ते तसं उतरवून घ्या, खाली त्या सेवेत काय काय यायचं ते लिहा. 'महारकी', 'वेठ' हे शब्द आले तरी तेच. त्या कामांचा भार माणसांवर लादलेला होता, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतनं गेली, पण कागदावरचा शब्द हा त्या घराने काय सोसलं त्याचा पुरावा आहे.

अक्षरच लागत नसेल तर

बाळबोधातले, म्हणजे देवनागरीतले, नेहमीचे घोळ ठरलेले आहेत. 'ख' सुटा लिहिला की 'रव' दिसतो, म्हणून 'खारवी' चं 'रवारवी' आणि 'खोत' चं 'रवोत' होतं. 'घ' आणि 'ध' म्हणजे घाडी की धाडी, 'भ' आणि 'म' म्हणजे भोई की मोई. 'त' आणि 'न' घाईत सारखेच होतात, सुतार-सोनार तिथे चुकतात. अनुस्वाराचा ठिपका दमटपणाने उडतो किंवा कसरीच्या भोकाचा ठिपका होतो, आणि 'शिंपी' चा 'शिपी' होऊन पुढे कुणीतरी 'शिपाई' करतो. 'सायर' हा शब्द बंदराच्या कागदात खूप येतो, त्याचा अर्थ जकात, त्याला सागर किंवा शायर वाचू नका. इंग्रजी शब्द तेव्हाच्या उच्चाराने लिहिलेले असतात, 'फारेष्ट', 'पोष्ट', 'पेनशन', 'सालट'. हा शेवटचा म्हणजे मिठाचं सरकारी खातं, किनाऱ्यावरची कितीतरी माणसं तिथे शिपाई होती. असा शब्द अडला की तो डोळ्यांनी न वाचता मोठ्याने म्हणून बघा, तोंडातून लगेच सुटतो.

मोडी असेल तर आधी वरची आडवी रेघ पूर्ण ओढून मग तिला अक्षरं टांगलेली असतात, शब्दांमध्ये जागा नाही, ह्रस्व-दीर्घ नाही. 'धंदाखारवीवयअजमासे' असं सलग येतं, आणि शब्द कुठे तोडायचा तेच कळत नाही. माझी पद्धत अशी की त्याच पानावरचे जे शब्द मला आधीच माहीत आहेत ते पहिले शोधतो. मौजे, तारीख, गावाचं नाव, महिना, वय. त्या शब्दांतली अक्षरं फोटोतून कापून एका कागदावर चिकटवतो, म्हणजे त्या कारकुनाचा 'ख' कसा, 'र' कसा, 'भ' कसा ह्याचा तक्ता तयार होतो. मग अडलेला शब्द त्या तक्त्याशी ताडून बघायचा. छापील मोडी तक्त्याने निम्मंच काम होतं, कारण प्रत्येकाचं वळण वेगळं. अर्धा तास जातो पण दहा जणांना विचारण्यापेक्षा हे खात्रीचं.

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा. कागद खिडकीशी धरा म्हणजे उजेड बाजूने पडेल, टाकाने उमटलेली खाच पण दिसते त्यात. आणि कृपा करून ओल्या फडक्याने पुसू नका, बोरूची काजळीची शाई पाण्याने धुऊन जाते, आपल्या हवेत ती आधीच मऊ झालेली असते. सेलोटेप तर अजिबात नको.

तोडलेले शब्द

जागा वाचवायला कारकून शब्द तोडतात. 'शि.' म्हणजे शिपाई, शिंपी, शिक्षक काहीही. 'कु.' म्हणजे कुमारी, कूळ, कुळवाडी, कुणबी, आणि हल्ली कुणबी नोंदी शोधायला लागल्यापासून ह्या एका अक्षरावर फार भांडणं होतात. उपाय एकच, त्याच कारकुनाने त्याच वहीत तो शब्द कुठेतरी पूर्ण लिहिलेला असतो, बहुतेक पानाच्या सुरुवातीला किंवा वहीच्या पहिल्या दहा पानांत, तो सापडेपर्यंत मागे जा. 'रा.' नावाच्या आधी असेल तर राजश्री, नंतर असेल तर राहणार. 'बिन' किंवा 'वल्लद' म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. ह्या 'कोम' ला कौम समजून जात लिहिलेली वंशावळ मी बघितली आहे. 'नि॥' म्हणजे निसबत, 'दि॥' म्हणजे दिम्मत, म्हणजे कुणाच्या तरी पदरी किंवा ताब्यात असलेला, तो धंदा नव्हे.

शब्द ओळखीचा, अर्थ जुना

'धंदा भिक्षुकी' म्हणजे भीक मागणं नाही, पूजा-याज्ञिकी. हे घरातल्या मोठ्यांना कळतं, पण कागद आता विशीतली पोरं वाचतात, त्यामुळे लिहितो. 'जासूद' पेशवाईतल्या कागदात निरोप-पत्रं पोचवणारा, नुसता हेर नाही. 'मोदी' म्हणजे धान्य-किराणा पुरवणारा. 'सुभेदार' मराठेशाहीत मुलकी अधिकारी, इंग्रजी अमलात पलटणीतला हुद्दा. 'हवालदार' गडाच्या कागदात गडाचा अधिकारी, पुढे पोलिसांतला. विजयदुर्ग, सुवर्णदुर्गाकडच्या कागदात 'हेटकरी' आला तर तो म्हणजे दक्षिण कोकणातला बंदूकवाला शिपाई. कुलाब्याच्या (आताच्या रायगडाच्या) बाजूला 'शनवार तेली' म्हणजे बेने इस्रायल लोक, तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे. आणि 'आगर' रायगडात मिठाचं, गुहागरपासून खाली नारळ-सुपारीचं, तेव्हा 'आगरात काम' ह्याचा अर्थ तालुका बघून लावा.

'शेती' हा शब्द सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात कमी सांगतो. खोती गावात खोत (गावचा सारा गोळा करणारा वतनदार) पण शेती, धारेकरी (स्वतःच्या जमिनीचा सारा भरणारा) पण शेती, आणि खोताला अर्धं पीक घालणारं कूळ पण शेती. खरी स्थिती बघायची तर १८८० च्या खोती कायद्याच्या काळातलं गावचं बोटखत, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंदवही, बघा, कुणाचा हक्क काय ते तिथे येतं.

कुठला कागद जास्त खरा धरायचा

दोन कागद भांडत असतील तर मी खरेदीखत-गहाणखताला जास्त वजन देतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यात माणसाची ओळख लिहिताना राहण्याचं ठिकाण, धंदा, जात आणि बापाचं नाव द्यायला सांगितलंय, आणि माणूस बहुतेक स्वतः समोर उभा असायचा, साक्षीदार ओळखीचे असायचे. मृत्यूची नोंद तशी नाही, तिथे सांगणारा दुसराच कुणीतरी असतो, कधी शेजारी, कधी पोलीस पाटील, आणि त्याला जे ठाऊक ते तो सांगतो. शाळेच्या रजिस्टरात मास्तर आडनाव बघून किंवा वाडी बघून धंदा लिहायचे, भंडारवाडीतला म्हणून माडी काढणारा, कुंभारवाडीतला म्हणून मडकी, मग बाप पोस्टात का असेना. जात आणि धंदा दोन्ही रकाने एकाच शब्दाने भरलेले दिसले की तो शब्द धंदा म्हणून मोजू नका, दुसरा पुरावा शोधा.

शोधताना जिल्ह्याचा पण विचार करा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला, त्याच्या आधी मालवण, देवगड, वेंगुर्ला रत्नागिरीत होते, आणि सावंतवाडी तर १९४८ पर्यंत वेगळं संस्थान. त्यामुळे कणकवलीत नाही मिळालं म्हणजे नाहीच असं नसतं. अर्थासाठी दोन गोष्टी मला रोज लागतात, मोल्सवर्थचा १८५७ चा कोश, त्यात कोकणातले शब्द वेगळी खूण करून दिलेत आणि तो ऑनलाइन फुकट शोधता येतो, आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा दहावा खंड, रत्नागिरी-सावंतवाडीचा, १८८० चा. कुलाब्यासाठी अकरावा, १८८३ चा. तेव्हा किनाऱ्यावर कोण काय काम करायचं ते त्यात गावपातळीच्या जवळ जाऊन लिहिलंय.

मला किंवा कुणालाही विचारणार असाल तर एका शब्दाचा तुकडा पाठवू नका. पूर्ण पान पाठवा, त्याच्या आधीचं एक पान पाठवा, वहीचं कव्हर पाठवा, आणि घरात जे सांगतात ते पण लिहा, भले ते कागदाशी जुळत नसेल. आमच्या बाबतीत आत्याचं एक वाक्य सगळ्या मोडी वाचनाला पुरून उरलं. म्हातारी माणसं आहेत तोवर कागद त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा, वाचता वाचता मध्येच ती बोलतात.

चुलतभावाच्या फाईलला नळीतल्या सर्टिफिकेटची कॉपी, आत्याचं प्रतिज्ञापत्र आणि पणजोबांचं एक गहाणखत जोडलं, त्यात 'जात गाबीत, धंदा खलाशी' असं स्वच्छ बाळबोधात होतं. काम झालं. आता आमच्या वंशावळीत पणजोबांच्या नावापुढे असं लिहिलंय: कागदात 'भंडारी', अर्थ आगबोटीवरचा स्वयंपाकी, जात गाबीत, पावसाळ्यात घरी असतील तेव्हा भातशेती. नळी परत माळ्यावर ठेवली नाही, पुसून, आत कडुनिंबाचा पाला घालून कपाटात ठेवली आहे, आणि तिच्याबरोबर आत्याने दिलेला पितळेचा मोठा डाव, जो पणजोबांनी शेवटची बोट सोडताना बरोबर आणला होता.